आजीने खिडकी नेमकी कधी लावली?

शुक्रवारी संध्याकाळी कर्वे रोडला मेट्रोच्या खांबाखाली सिग्नलला उभा होतो तेव्हा मेसेज आला. मुंबईहून, एका प्रॉडक्शनच्या ऑफिसातून. "सर, स्क्रिप्ट सोमवारी सकाळी एफडीएक्समध्ये मिळेल का? शेड्युलिंगला घेतोय." मी गाडीवरूनच अंगठा पाठवला. फाईल उघडायची, सेव्ह अ‍ॅज करायचं, पाठवायची, फार तर पाच मिनिटं, असं त्या क्षणी खरोखर वाटलं होतं मला.

घरी येऊन फोल्डर उघडला आणि मग आठवलं की ही पटकथा एका फाईलमध्ये कधी नव्हतीच.

म्हणजे बघा, पहिला अर्धा भाग मी २०१२ मध्ये सेल्टेक्स या पटकथा लिहायच्या सॉफ्टवेअरवर लिहिलेला, तेव्हा ते कॉम्प्युटरवर फुकट टाकता यायचं आणि आमच्यासारख्यांना तेवढंच परवडायचं. मध्यंतरानंतरचा भाग माझे सहलेखक, त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, वय आता बहात्तर, त्यांनी फुलस्केपवर हाताने लिहिलेला आणि अप्पा बळवंत चौकातल्या एका डीटीपीवाल्याकडून टाईप करून घेतलेला. वर्डमध्ये, दोन कॉलमचं टेबल, फॉन्ट श्रीलिपी. आणि शेवटचे चौदा सीन गेल्या वर्षी बदलले ते मोबाईलवर, त्यातले अर्धे व्हॉट्सअ‍ॅपवर. या तिघांची मोट बांधून एक पीडीएफ केली होती ती आजवर सगळीकडे फिरली, आणि ती छान दिसते हो, पण पीडीएफ म्हणजे फोटोच समजा. त्यातून मराठी मजकूर कॉपी करून बघा एकदा, वेलांट्या एकीकडे आणि अक्षरं दुसरीकडे, जोडाक्षरांच्या जागी नुसते चौकोन. तो रस्ता मी दहा मिनिटांत सोडला. गूगल ड्राईव्हला टाकून ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं वाचून मजकूर, करता येतं आणि ते मराठी बऱ्यापैकी वाचतंही, पण ते अक्षरं वाचतं, कोण बोलतंय ते त्याला कळत नाही. आणि या सगळ्या प्रकरणात प्रश्न तोच आहे, कोण बोलतंय.

एफडीएक्स ही फायनल ड्राफ्ट या पटकथेच्या सॉफ्टवेअरची फाईल. त्यांची जुनी फाईल एफडीआर होती, ती बंद डब्यासारखी, त्या सॉफ्टवेअरशिवाय आत काय आहे ते दिसायचं नाही. २००९ मध्ये आठवी आवृत्ती आली तेव्हापासून एफडीएक्स, आणि ही चक्क एक्सएमएल आहे, नोटपॅडमध्ये उघडली तरी वाचता येते. आत काय असतं तर प्रत्येक परिच्छेदाच्या आधी एक चिठ्ठी असते, की बाबा हा सीन हेडिंग आहे, हा अ‍ॅक्शन आहे, हे कॅरॅक्टरचं नाव, हा कंस, हा डायलॉग, हे ट्रान्झिशन. एवढंच. मार्जिन किती, नाव मधोमध किती इंच आत, हे सगळं त्या चिठ्ठीवरून नंतर ठरतं. शेड्युल करणाऱ्या माणसाला चिठ्ठ्याच हव्या असतात, कारण त्यावरून कॉम्प्युटर यादी काढतो की आजी किती सीनमध्ये आहे, वाड्याचा चौक किती वेळा लागणार. (या शेड्युलिंगसाठी जी एक्सपोर्ट फाईल निघायची तिचं एक्स्टेन्शन खरोखरच एस-ई-एक्स होतं. शेड्युलिंग एक्सपोर्टचं संक्षिप्त रूप. कुठल्यातरी इंजिनियरने गंभीर चेहऱ्याने ठेवलं असणार.)

सेल्टेक्सपासून सुरुवात केली. त्यांचं कॉम्प्युटरवरचं जुनं सॉफ्टवेअर आता बंद झालंय, सगळं ऑनलाईन गेलंय, त्यामुळे मी धरूनच चाललो होतो की २०१२ ची फाईल म्हणजे आता अस्थी. पण ही फाईल मुळात झिप आहे! नावाच्या शेवटचं सेल्टेक्स खोडून झिप लिहायचं, उघडायचं, आत दोन-चार फायली असतात त्यातली एक एचटीएमएल, ती ब्राउझरमध्ये टाकली की अख्खी पटकथा समोर. आणि आतून बघितलं तर प्रत्येक परिच्छेदावर क्लास लिहिलेला, सीनहेडिंग, अ‍ॅक्शन, कॅरॅक्टर, डायलॉग. चिठ्ठ्या जागच्या जागी. बारा-तेरा वर्षांनी. मला अक्षरशः जुन्या ट्रंकेत आईने घडी घालून ठेवलेले कपडे सापडल्यासारखं झालं, डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट. फाईंड-रिप्लेसने एका तासात तो अर्धा भाग साध्या टेक्स्टमध्ये आला.

साधा टेक्स्ट म्हणजे फाउंटन. हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जॉन ऑगस्ट आणि स्टू माश्विट्झ या दोघांनी २०१२ मध्ये हे आणलं, हे काही सॉफ्टवेअर नाही, लिहायची एक पद्धत आहे. नोटपॅडमध्ये, मोबाईलवर, कुठेही लिहा, थोडे नियम पाळा, मग फाउंटन समजणारं कुठलंही सॉफ्टवेअर त्यातून नीट पटकथा उभी करतं आणि एफडीएक्स काढून देतं. नियम अगदी सोपे. इंग्रजीत इंटिरियर-एक्स्टिरियरच्या खुणेने ओळ सुरू झाली की ती सीन हेडिंग. मोकळ्या ओळीनंतर सगळी कॅपिटल अक्षरं आली आणि खाली लगेच मजकूर असला की ते पात्राचं नाव. बाकीचं अ‍ॅक्शन.

कॅपिटल अक्षरं. आता आली का पंचाईत?

मला ही पंचाईत आधी दिसली नाही हे कबूल करतो. मी आपला खुशीत एका फुकट सॉफ्टवेअरमध्ये फाईल टाकली आणि पात्रांची यादी काढली, तर यादीत आजी होती, पोस्टमन होता, आणि "पाऊस थांबलाय." नावाचं एक पात्र होतं. त्याला एक संवादही होता, "पागोळ्या अजून गळतायत." असली ८० पात्रं निघाली. मग दुसरं सॉफ्टवेअर घेतलं, त्यात पात्रंच नाहीत, शून्य. आजीसुद्धा नाही. सगळी पटकथा म्हणजे एक लांबलचक अ‍ॅक्शन, मूकपटच जणू.

शनिवारी भाची आली होती, ती इंजिनियरिंगला आहे, तिला दाखवलं. ती हसायलाच लागली. "अरे मामा, आपल्याकडे कॅपिटल आहेतच कुठे? पहिल्या सॉफ्टवेअरने काय केलं असेल, ओळ घेतली, कॅपिटल करून बघितली, तशीच राहिली, म्हणजे आधीच कॅपिटल होती असं त्याला वाटलं. मराठीची प्रत्येक ओळ तशीच राहणार ना. आणि दुसऱ्याने विचारलं की यात एकतरी कॅपिटल अक्षर आहे का? नाही. मग पात्र नाही." तिने पायथनमध्ये दोन ओळी लिहून दाखवलं पण, एका पद्धतीने विचारलं तर मराठी सगळी कॅपिटल, दुसऱ्या पद्धतीने विचारलं तर अजिबात नाही, आणि दोन्ही उत्तरं त्याच्या परीने बरोबर. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला दोष देण्यात काही अर्थ नाही, त्याच्यासमोर देवनागरी कधी आलीच नसणार.

उपाय मात्र फाउंटनमध्येच आहे. नावाआधी @ टाकायचा की ते पात्रच, वाद संपला. ओळीच्या सुरुवातीला टिंब दिलं की ती सीन हेडिंग, मग इंग्रजी लिहायची गरज नाही. आणि अ‍ॅक्शनच्या ओळीला पात्र बनायची हौस असेल तर तिच्याआधी उद्गारचिन्ह. म्हणजे असं:

.आत – वाड्याचा चौक – सकाळ

!पाऊस थांबलाय.
!पागोळ्या अजून गळतायत.

@आजी
(वर न बघता)
चहा टाकलाय.

डायलॉगच्या मध्येच मोकळी ओळ हवी असेल, म्हणजे माणूस थांबून पुन्हा बोलतोय, तर त्या ओळीवर दोन स्पेस द्यायच्या, नाहीतर पुढचं वाक्य अ‍ॅक्शनमध्ये जातं. आणि फाईल सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे ना ते बघा, जुनं एएनएसआय राहिलं तर सगळ्या पटकथेची प्रश्नचिन्हं होतात आणि ती परत येत नाहीत. हे मी ऐकीव सांगत नाहीये.

मराठी, हिंदीत लिहिणाऱ्यांचा विचार करून केलेलं सॉफ्टवेअरही आता आहे, स्क्राईट, बंगळुरूचं, त्यात लिपीचा प्रश्न मुळातूनच सोडवलाय. नव्याने सुरू करणाऱ्याने ते बघावं. माझी गोष्ट जुन्या सामानाची आहे.

आता काकांचा भाग. फाईल उघडली तर पानभर रोमन अक्षरं, अ‍ॅम्परसँड, चौकोन आणि टिंबं. श्रीलिपी माहीत असणाऱ्यांना हे दृश्य ओळखीचं असेल. श्रीलिपी आपल्या पुण्याचीच, मॉड्युलर इन्फोटेकची, आणि एके काळी तिच्याशिवाय लग्नपत्रिका छापून होत नव्हती. पण त्या काळचे हे फॉन्ट म्हणजे सोंग असतं, फाईलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरांचेच नंबर असतात, त्यांच्यावर मराठी मुखवटा. फॉन्ट काढला की मुखवटा गेला. गंमत म्हणजे युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरवून दिलेल्या नंबरांत, देवनागरी १९९१ पासून आहे आणि आपले डीटीपीवाले त्यानंतरही वीस-पंचवीस वर्षं मुखवटेच वापरत होते, कारण छपाईला तेच सुंदर दिसायचं.

याचं युनिकोड करणारे कन्व्हर्टर मिळतात. पण नुसतं या अक्षराच्या जागी ते अक्षर एवढ्याने भागत नाही, कारण जुन्या फॉन्टमध्ये जे डोळ्याला आधी दिसतं ते आधी टाईप होतं. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार सगळ्यात शेवटी. युनिकोडमध्ये उलटं, आपण बोलतो तसं. ‘स्थिती’ लिहायचं तर जुन्यात आधी वेलांटी मग स्थ, आता स्थ मग वेलांटी. ‘सूर्य’ मधला रफार य नंतर होता तो उचलून य च्या आधी न्यायचा. चांगला कन्व्हर्टर हे करतो. पण मी आधी जो वापरला तो बहुतेक हिंदीसाठी केलेला होता, त्याला आपला तो र माहीतच नव्हता, ‘दुसऱ्या’ मधला, चंद्रकोरीसारखा. त्यामुळे काकांच्या सुंदर ओळीत "सह्याद्रीच्या दऱ्या" होत्या त्या "सह्याद्रीच्या दर्या" झाल्या. डोंगरात समुद्र! शुद्धलेखन तपासणारं सॉफ्टवेअर इथे काही करू शकत नाही कारण दर्या हा शब्द आहेच. आणि वर अजून एक भानगड, हा र युनिकोडमध्ये दोन पद्धतींनी लिहिता येतो, एकात नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्यात साधा र आणि एक न दिसणारा जोडणारा कॅरॅक्टर. पडद्यावर दोन्ही सारखेच. पण एक शोधलात तर दुसरा सापडत नाही. एका पात्राला सगळे ‘गुऱ्या’ म्हणतात, ते यादीत दोनदा आलं, मी मूर्खासारखा अर्धा तास दोन ओळी शेजारी ठेवून फरक शोधत बसलो होतो.

पण हे सगळं कारकुनी काम झालं. खरा पेच टेबलात होता.

काकांचं लिखाण जुन्या वळणाचं, पानाचे दोन भाग, डावीकडे दृश्य, उजवीकडे संवाद. आपल्याकडे कित्येक वर्षं असंच लिहीत आलेत आणि मला ते वाचायला फार आवडतं, डावा डोळा बघतो आणि उजवा डोळा ऐकतो. वर्डमध्ये टेबलाचं टेक्स्ट करायची सोय आहे, ती वापरली की प्रत्येक रांगेतला डावा खण आधी, उजवा नंतर, असं ओळीने येतं. पण काकांच्या एका रांगेत कधी पान-पान असतं. डावीकडे चार हालचाली, उजवीकडे सात संवाद. फायनल ड्राफ्टच्या पद्धतीत पान एकच, सगळं एकाखाली एक, म्हणजे कुठली हालचाल कुठल्या वाक्याच्या आधी हे सांगावंच लागतं. आणि ते काकांनी कधी सांगितलंच नव्हतं. दोन कॉलममध्ये सांगावं लागत नाही, ते एकाच वेळी चालू असतं, जसं घरात असतं.

रविवारी सकाळी त्यांना फोन केला.

"काका, सीन ६१. आजी उठून खिडकी लावते. मुलगा म्हणतो मी वाडा विकतोय, आजी म्हणते बरं, मुलगा म्हणतो तुला काहीच वाटत नाही का. खिडकी कधी लावायची?"

"म्हणजे?"

"म्हणजे ‘बरं’ च्या आधी की नंतर?"

"अरे ते दिग्दर्शक बघेल की."

"दिग्दर्शक बघेल हो, पण मला फाईलमध्ये कुठेतरी टाकायलाच लागतंय."

बराच वेळ काही बोलले नाहीत. मागे कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाले, "आधी लावली तर ती ऐकून घाबरलीये. नंतर लावली तर तिने सोडून दिलंय." परत थांबले. "आणि मधेच लावली, म्हणजे खिडकी लावता लावताच बरं म्हणाली, तर तिला हे आधीच माहीत होतं."

मी गप्प. गेली कित्येक वर्षं मी हा सीन लोकांना वाचून दाखवतोय, आणि हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

"कंसात टाक," काका म्हणाले. "खिडकी लावत. नावाखाली, संवादाच्या वर."

असे एकतीस सीन होते. दुपारी तीनपर्यंत आम्ही फोनवर होतो, मध्ये त्यांचं जेवण झालं, माझा फोन एकदा बंद पडला, पाऊस आला आणि आमच्याकडचे लाईट गेले, तेव्हा मी लॅपटॉपच्या बॅटरीवर टाईप करत होतो आणि काका कागद चाळत होते. तीन ठिकाणी त्यांनी हालचाल काढूनच टाकली, म्हणाले डावीकडचा खण मोकळा वाईट दिसतो म्हणून भरली होती. एका ठिकाणी भांडले. मी म्हटलं पोस्टमन पत्र देतो मग बोलतो, ते म्हणाले नाही, पत्र हातात ठेवूनच बोलतो, देतच नाही. त्यांचं बरोबर होतं.

संध्याकाळी सगळं एका टेक्स्ट फाईलमध्ये. भाचीने एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला होता, @ दिसला की कॅरॅक्टरची चिठ्ठी, टिंब दिसलं की सीन हेडिंगची, आणि बाहेर एफडीएक्स. चालवला. फाईल तयार. उघडायला गेलो, उघडेना. एरर. पुन्हा चालवला, पुन्हा तेच. रात्री साडेदहाला भाचीला फोन, ती म्हणाली मजकुरात कुठे अ‍ॅम्परसँड आहे का बघ. होता. सीन १७ मध्ये दुकानाची पाटी, "भांडी & स्टील". एक्सएमएलमध्ये ते चिन्ह तसं एकटं चालत नाही, त्याच्यापुढे ए एम पी आणि अर्धविराम लावून लिहावं लागतं, नाहीतर अख्खी फाईलच नाकारली जाते. एका भांड्याच्या दुकानामुळे ११२ सीन अडकले होते. मी पाटी बदलून "भांडी आणि स्टील" केली. तसंही सदाशिव पेठेतलं दुकान आहे ते, आणि असंच लिहिलं असतं त्यांनी.

पानांचं सांगतो आणि थांबतो. माझ्या लॅपटॉपवर फाईल ९८ पानांची, भाचीच्या मॅकवर ११६. एक पान म्हणजे पडद्यावरचा साधारण एक मिनिट हा जो हिशोब सगळे सांगतात तो १२ पॉइंट कुरियर फॉन्टचा आहे, इंचाला दहा अक्षरं, पानाला ५५ च्या आसपास ओळी. कुरियरमध्ये देवनागरी नाही. मग कॉम्प्युटर त्याच्याकडे असेल तो फॉन्ट गुपचूप घालतो, विंडोजवर एक, मॅकवर दुसरा, आणि मंगलसारखा फॉन्ट असेल तर मात्रा-उकारांसाठी ओळीच इतक्या उंच घेतो की पान फुगतं. अठरा पानं म्हणजे अठरा मिनिटं, म्हणजे शूटिंगचे चार-पाच दिवस कागदावर वाढले किंवा कमी झाले. ऑफिसला मी मेलमध्ये स्पष्ट लिहिलं की पानं मोजू नका, सीन वाचून वेळ धरा. आणि सीन नंबर मी इंग्रजी आकड्यांत ठेवलेत, तेवढी तडजोड केली.

सोमवारी सकाळी फाईल गेली. दुपारी काकांचा फोन, एक प्रत छापून आण, पण मला ते एकाखाली एक वाचता येत नाही रे, दोन कॉलमात आण, अक्षर मोठं. मग भाचीचाच प्रोग्रॅम थोडा वाकवून टेक्स्ट फाईलमधून वर्डचं टेबल काढलं, डावीकडे दृश्य, उजवीकडे संवाद, टिळक रोडला छापून, स्पायरल करून त्यांना नेऊन दिलं. त्यांनी तिथेच सीन ६१ काढला, लाल पेन घेतलं आणि कंसातलं "खिडकी लावत" खोडून डावीकडच्या खणात लिहिलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझ्या त्या फाईलमध्ये राहू दे आहे तिथेच. हे माझ्यापुरतं."